ऐब माहीत असलेली गाडी : शौक, हिशेब आणि सचोटी

आपल्या वाशीम जिल्ह्यातील व्यापारी व कारागीर घराण्यांत गेल्या काही वर्षांत एक नवी हौस शिरली आहे. मुलगा कमावता झाला, दुकानाची गादी सांभाळू लागला की त्याला चारचाकी हवी असते. आणि तीही साधीसुधी नव्हे, तर पाय दाबताच उसळी घेणारी. नवी घेण्याची ऐपत नसते. मग पुणे, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या बाजारातून वापरलेली गाडी आणली जाते. घरातली वडीलधारी मंडळी तिला फिजूलखर्ची म्हणून नाक मुरडतात आणि तरुण मंडळी स्वस्तात मिळाली म्हणून मिठाई वाटतात. आमच्या मते दोन्ही बाजू मुळातला प्रश्न विचारतच नाहीत. तो प्रश्न असा की, ही गाडी स्वस्त का मिळाली?

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारीच्या यंत्रातले आम्ही जाणकार नव्हे. परंतु ऐब असलेला माल कसा पाहावा, कोणत्या भावाने घ्यावा आणि कोणत्या शब्दांत विकावा, हे शिकण्यात आमची उमर गेली. गिरणीतला माल ‘फ्रेश’ आणि ‘सेकंड’ असा वेगळा निघतो. सेकंडच्या ताक्यात कुठे धागा तुटलेला असतो, कुठे रंगाचा डाग असतो, कुठे पन्हा कमी भरतो. असा ताका घेणे हा मूर्खपणा नाही. त्यावर कित्येक दुकाने चालली, कित्येक लेकरांच्या ईदचे कपडे त्यातून शिवले गेले. ताका फ्रेश समजून सेकंड घेणे हा मूर्खपणा, आणि सेकंड आहे हे ठाऊक असून फ्रेश म्हणून विकणे ही बेईमानी. वापरलेल्या वेगवान गाडीलाही हाच कायदा लागू पडतो. त्यावर आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

उदाहरणादाखल एक गाडी

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथे २००९ साली सुरू झाला. तेथे ‘पोलो’ ही छोटी गाडी बनू लागली. २०१३ साली तिचा ‘जीटी टीएसआय’ हा वेगवान प्रकार बाजारात आला. इंजिन अवघे १.२ लिटरचे, पण टर्बो बसविल्यामुळे ताकद १०५ अश्वशक्तीची. त्याला सात गिअरचा आपोआप बदलणारा ‘डीएसजी’ गिअरबॉक्स. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने केलेल्या धडक चाचणीत दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले, तर एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य. जीटीला एअरबॅग होत्या. गाडी मजबूत, रस्त्याला चिकटून चालणारी, दिसायला देखणी. २०२२ साली पोलोचे भारतातील उत्पादनच थांबले. तेव्हा आज ज्याला ती हवी असेल त्याला वापरलेलीच घ्यावी लागते.

अशा गाड्या महाराष्ट्रात पूर्वीही झाल्या. मुंबईच्या कुर्ला कारखान्यात बनणारी फियाटची पालिओ १.६ अशीच शौकिनांची लाडकी होती. औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथील स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएसचे तर आजही चाहते आहेत. या गाड्यांच्या नव्या मालकांना सुटे भाग शोधत शहरोशहरी फिरावे लागते. फियाटने तर २०१९ साली भारतातली मोटारविक्रीच बंद केली. मात्र पोलो जीटीचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले, कारण तिचा ऐब जगजाहीर आहे. वाशीमच्या पाटणी चौकात बसलेल्या माणसालाही तो गाडी पाहण्याआधीच कळू शकतो.

ऐब नेमका काय?

साध्या गाडीत गिअर बदलताना आपण क्लच दाबतो. डीएसजी गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा व सातवा गिअर सांभाळतो. दुसरा क्लच दुसरा, चौथा, सहावा आणि मागे जाण्याचा गिअर सांभाळतो. एक गिअर चालू असताना पुढचा गिअर तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. हे सारे काम ‘मेकॅट्रॉनिक’ नावाचा एक भाग करवून घेतो. त्यात छोटा संगणक आणि तेलाच्या दाबाने चालणाऱ्या झडपा एकत्र बसविलेल्या असतात.

या गाडीतल्या प्रकारात क्लचच्या प्लेटा कोरड्या आहेत, तेलात बुडालेल्या नाहीत. त्यामुळे इंधन वाचते, पण उष्णता लवकर निघून जात नाही. गर्दीत गाडी इंच-इंच सरकू लागली की प्लेटा घासतात, तापतात, आणि मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके बसू लागतात. मेकॅट्रॉनिकच बिघडले तर डॅशबोर्डवरचे गिअरचे चिन्ह लुकलुकते आणि चालती गाडी न्यूट्रलमध्ये जाऊन उभी राहू शकते.

ही कोणा मत्सरी माणसाने उठविलेली आवई नाही. चीनमध्ये या गिअरबॉक्सबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की कंपनीने २०१२ साली तेथे त्याची हमी १० वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढविली. मार्च २०१३ मध्ये तेथील ३ लाख ८४ हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजीमधले तेल बदलून देण्याचे कंपनीने जाहीर केले. मूळच्या कृत्रिम तेलामुळे उष्ण व दमट हवेत विजेचा बिघाड होऊ शकतो, असे त्याचे कारण देण्यात आले. भारतात २०२० साली पोलो जीटीला नवे १.० लिटरचे इंजिन आले तेव्हा तिच्या आपोआप गिअरच्या प्रकारात दोन क्लचचा हा गिअरबॉक्स न देता जुन्या धाटणीचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर दिला गेला. याशिवाय १.२ टीएसआय इंजिनाच्या आधीच्या पिढीत टायमिंग चेन सैल पडल्याच्या तक्रारी युरोपात झाल्या होत्या, तीही गोष्ट घेणाऱ्याने कानावर ठेवावी.

न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक गाडी बिघडतेच असे नाही. बऱ्याच गाड्या विनातक्रार धावत आहेत. सात गिअरचा डीएसजी चाकणच्या नव्या गाड्यांतही, फोक्सवॅगनच्या टायगुन आणि व्हर्टसच्या १.५ लिटर इंजिनाबरोबर, दिला गेला आहे. कंपनीला दोष देत बसणे हा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हा ऐब छापून आलेला, माहीत असलेला आहे. गाडी स्वस्त मिळते त्याचे मोठे कारण हेच आहे. ज्याला स्वस्ताई दिसते पण तिचे कारण दिसत नाही, त्याने सेकंडचा ताका फ्रेश समजून उचलला, असे समजावे.

ऐबाची किंमत कागदावर मांडा

आमच्या धंद्यात दागी ताका घेताना आम्ही आधी डाग मोजतो. चाळीस मीटरमध्ये चार मीटर कापून टाकावे लागणार असतील, तर भाव छत्तीस मीटरचाच धरतो. गाडीचा हिशेबही असाच करावा.

समजा, गाडीचा मालक ४ लाख मागतो. जाणकार कारागिराने सांगितले की गिअरबॉक्स गेला तर सर्वात वाईट दुरुस्ती दीड लाखाची. (हे आकडे समजण्यापुरते आहेत. खरा आकडा खरेदीच्या आठवड्यात दोन ठिकाणी विचारून घ्यावा. तो याहून मोठाही निघू शकतो.) तर त्या गाडीची किंमत आपल्यासाठी साडेपाच लाख आहे. चार लाख आज द्यावयाचे आणि दीड लाख बाजूला ठेवावयाचे. आता बिनऐबाची, साधी, वेगाची मिजास नसलेली गाडी साडेचार लाखांत मिळत असेल, तर मधला एक लाख हा शौकाचा खर्च झाला. कुणाला तो परवडत असेल आणि कुणाचा हक्क मारला जात नसेल, तर त्याने खुशाल करावा. शौक हा गुन्हा नव्हे. पण त्याने तो ‘शौक’ या खात्यात लिहावा, ‘बचत’ या खात्यात लिहू नये.

बाजूला ठेवलेली ही रक्कम खरोखर बाजूलाच असावी. ती दुकानाच्या गल्ल्यात मिसळली की संपली. आपल्या भागातल्या कापड व्यापाऱ्याची पुंजी वर्षभर फिरत असते. सुरतेचा, भिवंडीचा, मालेगावचा माल उधारीवर येतो. गिऱ्हाइकाचा पैसा मात्र सोयाबीन घरात आल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास मोकळा होतो. पीक बुडाले तर तोही येत नाही. अशा वेळी आडत्याचा तगादा एकीकडे आणि गाडीचा गिअरबॉक्स दुसरीकडे, असा प्रसंग आला तर माणूस काय करील? आडत्याचे थकवील, नाही तर सूदाने काढील. एकदा पत गेली की ती गाडी विकूनही परत येत नाही. टेलर, रंगारी, सुतार, वेल्डर अशा कारागीर बांधवांचे तर हत्यार हीच पुंजी. शिलाई यंत्र गहाण ठेवून टर्बो दुरुस्त करण्याची पाळी कोणावर येऊ नये.

म्हणून आमचा ठोकताळा असा : गाडीची किंमत, सर्वात वाईट दुरुस्तीची रक्कम आणि एका वर्षाचा विमा-टायर-सर्व्हिसचा खर्च, या तिन्ही रकमा धंद्याच्या पुंजीला हात न लावता निघत असतील तरच सौदा करावा. हप्त्यावर घेणाऱ्याने तर दुप्पट विचार करावा. सूदाचा जो मसला आहे तो आहेच. शिवाय वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा दर साधारणपणे नव्या गाडीपेक्षा चढा असतो. बंद पडून गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा हप्ता भरणे यासारखी कडू गोष्ट नाही. आणि एक बारीक गोष्ट : स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नाही, पण तिच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रोकड ही रोकडच आहे. निसाब आणि वर्ष पूर्ण होत असेल तर तिचा हिशेब जकातीत धरावा लागतो. हे आपल्याकडे पुष्कळजण विसरतात.

आपला रस्ता, आपली हवा

माल घेताना तो कोठे वापरला जाणार हेही पाहावे लागते. मुंबईच्या हवेला चालणारा कपडा विदर्भाच्या वैशाखात अंगाला चिकटतो. गाडीचेही तसेच. वाशीमची उन्हाळ्यातली दुपार कोरड्या क्लचला मानवणारी नाही. बाजारपेठेच्या गल्लीत हातगाडी, ऑटो आणि बैलगाडी यांच्यामागे सरकत राहणे हे तर या गिअरबॉक्सचे खास दुखणे. ज्याचे रोजचे काम घर ते दुकान एवढेच आहे, त्याने ही गाडी घेऊच नये. त्याला साधी हाताने गिअर बदलायची गाडी किंवा मोटारसायकल पुरेशी आहे.

उलट ज्याला अकोला, नांदेड, नागपूर अशी लांबची ये-जा आहे, त्याच्या हाती ही गाडी बरी टिकते. मोकळ्या रस्त्यावर क्लचला त्रास कमी. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या बाजूने त्यावर चढता येते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला. त्यावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ही मर्यादा साध्या गाडीलाही गाठता येते, हे वेगाच्या शौकिनांनी ध्यानात घ्यावे. त्या रस्त्यावर जाण्यापूर्वी इंजिनापेक्षा टायर पाहावेत. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१७’ असेल तर टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर लांबच्या तापल्या रस्त्यावर जीवाशी खेळ आहे.

चालविण्याची रीतही शिकावी लागते. गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून सरकू नये. थोडी जागा होऊ द्यावी, मग एकदम पुढे जावे. चढावर ॲक्सिलरेटर धरून गाडी उभी ठेवू नये, ब्रेक दाबावा. आणखी दोन गोष्टी वयाच्या. पहिली, २०१३ सालच्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२८ साली संपते. त्यापुढे तपासणी, फेरनोंदणीची फी आणि पर्यावरण कर आलेच. दुसरी, आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि या गाड्या त्यापूर्वीच्या काळात बनलेल्या आहेत. सरासरी थोडी घटेल, आणि इंधनाच्या रबरी नळ्या व गॅस्केट वेळोवेळी तपासून घ्याव्या लागतील.

लपविलेला ऐब आणि अर्धा सांगितलेला ऐब

येथवर घेणाऱ्याचे झाले. आता विकणाऱ्याकडे वळू. कारण आज जो घेणारा आहे तोच चार वर्षांनी विकणारा होतो, आणि खरी परीक्षा तेव्हाच असते.

आमच्या परिचयाच्या एका कारागिराच्या मुलाने परजिल्ह्यातील एका दलालाकडून वापरलेली वेगवान गाडी आणली. गाडीचे आणि दलालाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. दलालाने सांगितले, “जरा झटका देते, पण या सगळ्याच देतात.” डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात दिवे लागले. गावातल्या मिस्त्रीने स्कॅनर लावून पाहिले तेव्हा कळले की विकण्याच्या आदल्या दिवशीच गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी पुसून टाकल्या होत्या. जाब विचारल्यावर दलाल म्हणाला, “मी तर झटका देते म्हणून सांगितले होते.” अर्धा ऐब सांगून पूर्ण ऐब लपविण्याची ही चलाखी कापड बाजारातही चालते. एक डाग वरच्या घडीत दाखवायचा आणि आतल्या घडीतले चार झाकायचे. गिऱ्हाईक त्या एका डागाच्या सचोटीवर विश्वास ठेवून फसते.

आपल्या दीनमध्ये ही गोष्ट अगदी स्पष्ट आहे. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. मालक म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा आपण त्याला, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे विचारले आणि फसविणारा आमच्यातला नाही, असे बजावले. पाऊस पडणे हा त्या व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता. ओल खाली दडविणे हा होता. हजरत इमाम अबू हनीफा (र.) हे कूफ्याचे कापड व्यापारी होते. त्यांच्या चरित्रात येते की, त्यांनी भागीदाराला एका कपड्याचा ऐब दाखवून तो गिऱ्हाइकाला सांगण्याची ताकीद दिली होती. भागीदार विसरला, गिऱ्हाईक कोण हेही कळेना, तेव्हा इमामांनी त्या मालाची आलेली सारी रक्कम खैरात करून टाकली. भागीदाराने जाणूनबुजून फसविलेही नव्हते, तरी त्यांनी तो पैसा घरात ठेवला नाही. आम्हा कापडवाल्यांनी तर हा प्रसंग दुकानात बसताना आठवावा.

फिकहमध्ये ‘खियार-ए-ऐब’ म्हणून हक्क आहे. सौद्याच्या वेळी मालात जो ऐब होता पण घेणाऱ्याला माहीत नव्हता, तो पुढे निघाला तर त्याला माल परत करता येतो. मात्र ऐब माहीत असून त्याने राजीखुशीने घेतला असेल तर तो हक्क उरत नाही. म्हणजे ऐब सांगण्यात विकणाऱ्याचेही हित आहे : सांगितलेला ऐब त्याच्या डोक्यावरून उतरतो. ‘जशी आहे तशी, सर्व ऐबांसह’ अशी अट घालून विकणे हनफी मसलकात चालते, असे आलिम सांगतात. पण त्या अटीच्या आडून माहीत असलेला ऐब दडविणे ही दयानतदारी नव्हे. बारीक मसला ज्याने त्याने आपल्या आलिमाला विचारावा.

देशाचा कायदाही येथे जाणून घेण्यासारखा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात घोड्याची उदाहरणे दिलेली आहेत. लिलावात कोणी रोगट घोडा विकला आणि त्याबद्दल गप्प राहिला तर ती फसवणूक ठरत नाही. पण घेणाऱ्याने, तू नाकारले नाहीस तर घोडा निरोगी आहे असे मी धरीन, असे म्हटले आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणे बोलण्यासारखेच धरले जाते. दीडशे वर्षांपूर्वीच्या घोड्याचा हा धडा आजच्या १०५ अश्वशक्तीलाही लागू आहे. नुसत्या गप्प बसण्याला कायदा सहसा पकडत नाही. विचारलेल्या प्रश्नाला दिलेल्या खोट्या उत्तराला पकडतो. म्हणून घेणाऱ्याने गप्प राहू नये. दोन माणसांसमक्ष स्पष्ट विचारावे : गिअरबॉक्स उघडला आहे काय? टर्बो बदलला आहे काय? अपघात झाला आहे काय? संगणकाच्या नोंदी पुसल्या आहेत काय? आणि उत्तरे सौदापत्रावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. भला माणूस सही करताना अडखळत नाही.

मिस्त्री बांधवांना दोन शब्द

आपल्या समाजात मोटार मिस्त्री, पेंटर, डेंटर, इलेक्ट्रिशियन पुष्कळ आहेत. वापरलेल्या गाडीच्या सौद्यात खरा काजी मिस्त्रीच असतो. त्याने मान हलविली की पैसे मोजले जातात. घेणाऱ्याकडून तपासणीची मजुरी आणि विकणाऱ्याकडून गुपचूप दलाली, अशी दोन्ही हातांची कमाई काही ठिकाणी चालते. ती बंद झाली पाहिजे. ज्याची मजुरी घेतली त्याचेच हित पाहावे. दलाली घ्यावयाची असेल तर दोन्ही बाजूंना सांगून घ्यावी.

गाडी तपासण्याची रीत मिस्त्री बांधव जाणतातच, तरी गिऱ्हाइकालाही ती कळावी. गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असताना पहिल्यांदा चालू करावी आणि चेनचा खडखडाट ऐकावा. नंतर अर्धा तास गर्दीत चालवून तापवावी, कारण या गिअरबॉक्सचे दुखणे तापल्यावर बाहेर येते. चढावर मागे घेऊन पाहावी. स्कॅनर लावून केवळ नोंदी नव्हे, तर नोंदी केव्हा पुसल्या तेही शोधता आले तर शोधावे. सर्व्हिसच्या पावत्यांवरील किलोमीटर आणि मीटरवरील किलोमीटर जुळवावेत. या कामाची रास्त मजुरी देण्यास गिऱ्हाइकाने कुरकुर करू नये. आणि तरुण मिस्त्रींनी नुसत्या पान्यावर न थांबता हे संगणकी काम शिकावे. ज्या गाड्यांचा लोक धसका घेतात, त्या गाड्या दुरुस्त करणारा हात दुर्मिळ असतो. दुसऱ्याच्या गाडीतला ऐब हीच त्याची रोजी आहे.

कागद

शेवटी कागदाची गोष्ट. तोंडी सौदा करून गाडी वर्षभर जुन्या मालकाच्या नावावर फिरविण्याची सवय घातक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. कर्जाची नोंद असेल तर ती फॉर्म ३५ ने उतरवून घ्यावी. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचे नाव आहे त्या मालकावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले आहे. गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची नोंदही ऑनलाइन होते. तेव्हा दलालाला त्याचे अधिकारपत्र विचारण्यात संकोच कसला? ‘एमएच ३७’ ची पाटी असो वा परजिल्ह्याची, नाव आपले चढले की गाडी आपली. तोवर ती दुसऱ्याची अमानत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ऐब नसलेली वापरलेली गाडी शोधत बसू नये. तशी ती क्वचितच मिळते. ऐब माहीत असलेली गाडी घ्यावी, त्या ऐबाची रक्कम धंद्याच्या बाहेर राखून ठेवावी, आणि विकताना तो ऐब वरच्या घडीत ठेवून विकावी. असे केल्याने भाव दहा-वीस हजारांनी कमी येईल, हे आम्हाला मान्य आहे. पण आपला बाजार लहान आहे. येथे गाडीचा घेणारा उद्या कापडाचा गिऱ्हाईक असतो, परवा लेकीच्या सासरचा नातलग निघतो. दहा-वीस हजार पुढच्या हंगामात भरून निघतात. ‘त्याने सांगून विकली’ एवढे एक वाक्य गावात फिरले, तर दुकानाच्या पाटीपेक्षा त्याचे मोल अधिक.